ठशातून हरवलेला चेहरा

१

मरियामातेला चेहराच नव्हता.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. डोक्यावरचा पदर होता, मांडीवर आडवा पडलेला मेलेला लेक होता, त्याच्या तळहातांतल्या खिळ्यांच्या जखमा होत्या. फक्त पदराच्या आत, जिथे तिचे रडून सुजलेले डोळे असायचे, तिथे अक्रोडाएवढं गोल भोक पडलं होतं. नासपतीच्या लाकडाचा तो ठसा ओटिलियाताईंनी दोन्ही हातांत धरला होता आणि आम्ही सगळ्या जणी आ वासून त्या भोकाकडे बघत होतो.

मी आफ्रा. या मठाच्या दारावर बसते. माझी जीभ जरा जास्त चालते असं सगळ्या म्हणतात. पण दारावर बसणारीने बोलायचं नाही तर काय भिंतींनी बोलायचं? रंगखोलीत खरं तर माझं काही काम नसतं. पण रंगखोली सांभाळणाऱ्या ओटिलियाताईंचे गुडघे गेलेत, त्यांना जिन्यावर खांदा लागतो, आणि तो खांदा माझा. म्हणून त्या सकाळी मी तिथे होते, आणि म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे.

दुःखी मातेचा सण शुक्रवारी होता. त्या दिवशी डॅन्यूबच्या दोन्ही काठांवरची माणसं आमच्या दाराशी येतात आणि जाताना कागदावर छापलेली ही माता घेऊन जातात. माझ्या लहानपणी असली चित्रं श्रीमंतांच्या पोथ्यांतच असायची. आता काय, ठशाला काजळीची शाई लावली, वर ओलसर कागद ठेवून चामड्याच्या गादीने घासला, की झालं. मग आम्ही रंग भरतो. गवळण ते चित्र गोठ्याच्या दारावर चिकटवते, नावाडी पेटीच्या झाकणात, आणि आजारी माणसाच्या उशाशी तर ते हवंच.

"हे कोणी केलं?" मोठ्या आईंनी विचारलं. मठाच्या प्रमुख म्हणून सगळ्या त्यांना मोठ्या आई म्हणतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते.

विचारलं सगळ्यांना, पण बघत होत्या त्या थेक्लाकडे.

बघायला कारणही होतं. हा ठसा थेक्लाच्या वडिलांनी कोरलेला. ते वारले आणि मुलगी आमच्याकडे आली. तिने अजून शपथ घेतलेली नव्हती, नवखीच होती. पण ठशाच्या झिजलेल्या रेघा सारख्या करायला चाकू धरणारी मठात ती एकटीच.

"बोल, थेक्ला."

"नाही बोलणार, आई."

"तू केलंस का?"

पोरगी मूग गिळून उभी. मला तर तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अगं, नाही म्हण ना. एवढासा शब्द, त्याला काय तोंड दुखतंय?

"मातेच्या चेहऱ्यावर हात टाकणारीला या घरात जागा नाही," मोठ्या आई म्हणाल्या. "काकाला निरोप धाडा, शुक्रवारी गर्दी ओसरली की ये म्हणावं. हिला घेऊन जाऊ दे."

थेक्लाचे ओठ पांढरे पडले. तरी ती रडली नाही. "शुक्रवारपर्यंत राहू द्याल ना, आई?" तिने विचारलं. "त्याच्या आधी नका पाठवू."

"मग तोवर मलाही जरा विचारपूस करू द्या," ओटिलियाताई मधेच म्हणाल्या. मोठ्या आईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. बाकीच्याही कुजबुजत पांगल्या.

खोलीत आम्ही दोघीच उरलो, तेव्हा ओटिलियाताईंनी ठसा माझ्यापुढे धरला. "बोट लाव इथे."

लावलं. भोकाची कड गार लागली, आणि जराशी फुगलेली.

"चाकूने कोरलं असतं तर वार दिसले असते. लाकडाचा भुगा पडला असता. इथे दोन्ही नाही. उलट लाकूड ओलं झालंय. आफ्रा, चेहरा कोणी कापलेला नाही. तो निघालाय."

"निघालाय म्हणजे? चेहरा म्हणजे काय टोपी आहे, निघायला?"

"तेच तर शोधायचंय," असं म्हणत त्यांनी खिशातून सुकवलेल्या नासपतीची फोड काढून तोंडात टाकली. विचार करताना त्यांना काहीतरी चघळायला लागतं.

२

थेक्ला धुणं वाळत घालत होती. हात लाल झाले होते थंडीने.

"तुझा चाकू दाखव," ओटिलियाताई म्हणाल्या. तिने कमरेचा चाकू काढून दिला. कोरडा, स्वच्छ, पात्यावर हलका गंज.

"काकाकडे जायचंय का तुला?"

"नाही," ती म्हणाली. एवढं मात्र लगेच म्हणाली. "काकाकडे पत्ते छापतात. राजा, गुलाम, परत राजा, परत गुलाम. ते काही वाईट नाही. पण बाबा गेल्यावर मला तिथे झोप यायची नाही, ताई. इथे येते."

ते मलाही ठाऊक होतं. पोर मठात आली तेव्हा रात्री दचकून उठायची. आमच्या म्हाताऱ्या हिल्टगार्डताईंनी तिला आपल्या शेजारी निजवलं, हात धरून. दिवसा तिच्या हातात कुंचला दिला. हळूहळू पोर माणसात आली. आता हिल्टगार्डताईच आजारखोलीत पडून होत्या, दोन्ही डोळे गेलेले, बोलणंही तुटक तुटक. असं माणूस जाताना जवळ असावं, एवढंसं तरी थेक्लाच्या नशिबात असायला नको?

"इथेच राहायचंय तर मग बोल ना गं," मी म्हटलं. "कोणाला पाठीशी घालतेस?"

तिने ओल्या चादरीचं टोक पिळलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

जिना चढताना मी ओटिलियाताईंना माझं मत देऊन टाकलं. "मला विचाराल तर, फादर आन्सेल्म."

"का बरं?"

"का म्हणजे? परवाचं प्रवचन ऐकलंत ना? लाकडाला ओठ लावता, कागदाला मिठ्या मारता आणि देवाला विसरता. माझ्याकडेच बघून बोलत होते मेले. आणि चर्चच्या बाजूने रंगखोलीत यायचं जे दार आहे, त्याची किल्ली त्यांच्याकडेच असते."

ओटिलियाताई हसल्या नाहीत. "चल, विचारू," एवढंच म्हणाल्या.

फादर त्यांच्या खोलीत पिसांच्या लेखण्या तासत बसले होते. ठशाचं ऐकून त्यांना धक्का बसलेला दिसला नाही, पण आनंदही झालेला दिसला नाही.

"रंगखोलीत मी कधीच पाऊल टाकलेलं नाही," ते म्हणाले. "मला काय करायचंय तिथे?"

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

बोलता बोलता त्यांना शिंक आली. रुमाल काढायला त्यांनी पेटी उघडली आणि पटकन मिटली. पण ओटिलियाताईंचे गुडघे गेलेत, डोळे नाहीत.

"फादर, ते झाकण पुन्हा उघडता का?"

फादरांचे कान लालबुंद झाले. मग त्यांनी पेटी उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला आमचीच माता चिकटवलेली होती. रंग न भरलेली, नुसत्या काळ्या रेघांची. कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या.

"माझी आई गेली तेव्हा मी दूर होतो, शिकायला," ते हळू आवाजात म्हणाले. "परत आलो तर सगळं आटोपलेलं. तेव्हा एकदा तुमच्या खोलीत गेलो होतो आणि ढिगातला हा कागद उचलला होता. न विचारता. प्रवचनात बोलतो ते खरंच आहे, ताई. पण रोज निजताना हिला बघतो, तेही खरं आहे."

माणूस चांगला निघाला की मला राग धरता येत नाही, मोठी पंचाईत होते.

ओटिलियाताईंचं मात्र त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या नाक लावून कागद बघत होत्या.

"आफ्रा, हे बघ. चेहऱ्याभोवती."

पदराच्या आतल्या बाजूने, चेहऱ्याला वळसा घालून, केसाएवढी बारीक पांढरी रेघ गेली होती. पूर्ण गोल.

"ही आम्ही कशी कधी पाहिली नाही?" मी विचारलं.

"कारण चेहरा आणि पदर हिल्टगार्डताईंचं काम होतं. या रेघेवर त्या पदराची निळी कड ओढायच्या. मी जखमा भरणारी. माझ्या हातात कागद यायचा तोवर निळं वाळलेलं असायचं. आणि ठशावर तर शाईचे थर बसून ही फट बुजून गेली होती." त्यांनी मान वर केली. "चेहरा वेगळ्या लाकडाचा आहे. ठशाला ठिगळ लावलेलं होतं, सरसाने चिकटवून. गरम ओल्या फडक्याने शेकलं की सरस सुटतो."

"म्हणजे ज्याला ठिगळाची माहिती होती, त्यानेच हे केलं."

"हो. आणि थेक्लाच्या काकाने आम्हाला शपथेवर सांगितलं होतं, की ठसा एका अखंड लाकडाचा आहे."

३

ओटिलियाताईंनी थेक्लाच्या काकाला, ओस्वाल्टला, त्याआधीच चौकशीला बोलावलं आणि तो आला. आमच्याकडे बाहेरचा माणूस जाळीच्या खिडकीतून बोलतो. तो पलीकडे बाकावर बसला, टोपी मांडीवर ठेवून. बोटांना शाई लागलेली, पत्तेवाल्याची असते तशी.

आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. थेक्लाच्या हातासारखा हात आख्ख्या उल्म शहरात सापडायचा नाही. काकाला ती दुकानात हवी होती. तिने मठात जाऊ नये म्हणून त्याने केवढं आकांडतांडव केलं होतं, मी दारातच ऐकलं होतं. आणि आदल्या दिवशीच तो कागदाचे गठ्ठे टाकायला रंगखोलीपर्यंत आला होता. ठसा बिघडवायचा, आळ पोरीवर येणार, पोरगी घरी. सरळ हिशोब.

"गठ्ठे टाकायला आलास तेव्हा ठसा हातात घेतला होतास?" ओटिलियाताईंनी विचारलं.

"घेतला होता. भावाचं काम आहे. दर वेळी बघतो."

"एकटाच होतास?"

"नाही हो. तुमची ती रंग कुटणारी ताई होती की समोर. मला हात लावू देत नव्हती, जसं काही मी खाणारच होतो." मग त्याने जाळीजवळ तोंड आणलं. "थेक्लाला खरंच घालवताय?"

"तुला तर बरंच होईल."

"मला बरं होईल," तो म्हणाला. "तिला होणार नाही. ती आमच्याकडे कशी राहायची ते मी पाहिलंय. भिंतीकडे तोंड करून. मला कामाला हात हवाय, ताई, पण असा नको."

माझा सरळ हिशोब तिथेच चुकला. तरी ओटिलियाताई थांबल्या नाहीत.

"ओस्वाल्ट, मातेचा चेहरा ठिगळ होता. आणि तू अखंड लाकूड म्हणालास."

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कपाळावर आठ्या आल्या, मग गेल्या.

"भावाची अब्रू होती," तो म्हणाला. "ठसा अर्ध्यावर असताना त्याची बायको गेली. चार दिवसांनी तो पुन्हा कामाला बसला आणि नेमका चेहराच हातून गेला. चाकू घसरला, डोळा फुटला मातेचा. आम्ही कोरणारे असं झालं की तेवढा भाग गोल कोरून काढतो आणि नवा तुकडा बसवून त्यावर पुन्हा कोरतो. सगळेच करतात, सांगत कोणी नाही. तुम्ही अखंड ठसा मागितला होता. तो मेल्यावर मी कशाला बोलू?"

"हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"त्याला. मला." मग तो थांबला. मला त्याचं थांबणं अजिबात आवडलं नाही. "आणि ती. लहान होती, बाकाखाली बसून लाकडाचा भुगा गोळा करत असायची. तो तुकडा चिकटेपर्यंत तिनेच अंगठ्याने दाबून धरला होता."

तो गेला. मी खिडकीचं झाकण लावलं आणि तिथेच बसले.

"म्हणजे थेक्लानेच केलं," मी म्हटलं.

"थेक्लानेच केलं," ओटिलियाताई म्हणाल्या. "ते मला फादरांच्या खोलीतच वाटायला लागलं होतं."

"मग आता मोठ्या आईंना सांगणार?"

"कोणी केलं ते कळलंय. का केलं ते नाही. असं अर्धवट सांगणं म्हणजे खोटं सांगण्यासारखंच झालं." त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला आणि उठल्या. "सरस सुटायला गरम पाणी लागतं. सध्या उपासाचे दिवस. चूल फक्त दोन ठिकाणी पेटते. स्वयंपाकघरात, आणि तिथे पळीसुद्धा विचारल्याशिवाय उचलता येत नाही. दुसरी कुठे, आफ्रा?"

"आजारखोलीत," मी म्हटलं.

४

आजारखोली गेनोवेवाताईंच्या ताब्यात. त्या आजाऱ्यांशी गोड बोलतात आणि धडधाकट माणसांवर सगळा राग काढतात.

"आलात? बसा. बसायला जागा नाहीये, पण बसा," त्या म्हणाल्या. "माझं चांगलं फडकं कोणीतरी नेलं आणि शाईने काळं करून परत आणून ठेवलं. आता विचारलं तर सगळ्या साव."

"रात्री इथे कोण बसतं?" ओटिलियाताईंनी विचारलं.

"थेक्ला बसते. मला जरा डुलकी घेऊ देते बिचारी. तिला घालवताय म्हणे. घालवा. मग हिल्टगार्डताईंजवळ बसायला मोठ्या आईंनाच पाठवा."

खिडकीशी हिल्टगार्डताई पडल्या होत्या. केवढ्या बारीक झाल्या होत्या. एक हात पांघरुणावर, दुसरा आत छातीशी. आयुष्यभर मातेचा चेहरा रंगवणारी बाई. डोळ्यांखालचा तो गुलाबी रंगाचा हात तिच्याइतका हलका कोणालाच जमला नाही. बिछान्याखाली चुरगळलेल्या कागदांचे बोळे पडले होते. मी एक उचलून सरळ केला. मातेचंच चित्र, रंगवलेलं, धडधाकट.

"हे कोणी टाकलं?"

"त्यांनीच," गेनोवेवाताई म्हणाल्या. "सारखं चाललं होतं, तिचा चेहरा द्या, तिचा चेहरा द्या. आम्ही चित्र हातात द्यायचो. त्या बोटं फिरवायच्या आणि फेकून द्यायच्या. हे रिकामं आहे म्हणायच्या. शेवटी मोठ्या आईंनी स्वतः एक आणून दिलं, तेही फेकलं. भ्रम झालाय, दुसरं काय. आता दोन दिवस शांत आहेत मात्र. मागत नाहीत."

ओटिलियाताई बिछान्याजवळ वाकल्या. "यांचे ओठ काळे कशाने?"

"तुतीचं सरबत देते ना मी, घशाला."

"कधी दिलं?"

गेनोवेवाताईंनी तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. "आता थेंबही गिळत नाहीत त्या," त्या सावकाश म्हणाल्या. "रविवारपासून. मी सकाळी ओठ पुसते आणि दुपारी पुन्हा काळे होतात. माझ्या लक्षातच आलं नाही."

"काजळीची शाई," ओटिलियाताई म्हणाल्या. "ओल लागली की सुटते."

त्यांनी पांघरूण अगदी थोडं बाजूला केलं. हिल्टगार्डताईंची मूठ छातीशी मिटलेली होती. बोटं काळी झाली होती, आणि बोटांच्या फटीतून लाकूड दिसत होतं.

मी हात पुढे केला. ओटिलियाताईंनी तो धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "थेक्लाला बोलाव. आणि मोठ्या आईंनाही."

५

मोठ्या आई बिछान्याच्या पायाशी उभ्या राहिल्या. थेक्ला दारापाशी. तिने त्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं, मग ओटिलियाताईंकडे, आणि तिला कळलं.

"काढून घेऊ नका," ती म्हणाली. "मी जाते. आत्ता जाते हवं तर. पण त्यांच्या हातातून काढू नका."

"कोणी काढत नाही," ओटिलियाताई म्हणाल्या. "आई, ऐकून घ्या. हिल्टगार्डताई चेहरा मागत होत्या. आपण सगळ्या कागद देत राहिलो. आपण चित्रं करणाऱ्या बायका. आपल्या लेखी चित्र म्हणजे कागद, बघायची वस्तू. आंधळ्या माणसाच्या हाताला कागद कसा लागेल? सपाट. रिकामा. त्या बरोबर बोलत होत्या, भ्रम आपल्याला झाला होता. चेहरा बोटांना लागतो तो लाकडावर, कारण तिथे रेघ वर उचललेली असते. हे एकट्या थेक्लाला कळलं, कारण ती चाकू धरते."

"मग तिने मला विचारायचं होतं," मोठ्या आई म्हणाल्या.

"विचारलं होतं, आई," थेक्ला म्हणाली. "एका रात्रीसाठी ठसा आजारखोलीत नेऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात, सणाच्या आधी ठसा कपाटातून हलायचा नाही."

मोठ्या आईंनी मान खाली घातली. म्हणाल्या होत्या त्या.

"आख्खा ठसा त्यांना पेलणारही नव्हता," थेक्ला पुढे सांगायला लागली. आता एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवत नव्हतं. "म्हणून मी तुकडा शेकून काढला. पहाटेच्या प्रार्थनेआधी परत चिकटवणार होते, कोणाला कळलंही नसतं. पण त्यांनी तो हातात घेतला आणि बोटांनी नाक शोधलं, पापण्या शोधल्या, ओठ टेकवले आणि मूठ मिटली. मी पुष्कळ वाट बघितली. मूठ उघडेचना. जोर लावला असता तर निघाला असता. मला नाही लावता आला जोर."

"आणि सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही काढून घेतला असता. सण होता ना. मला वाटलं, शुक्रवारपर्यंत त्यांचं सगळं आटोपेल. तोवर गप्प बसायचं, मग माझं काय व्हायचं ते होवो."

गेनोवेवाताई फडक्यात तोंड खुपसून रडत होत्या. मीही रडले, त्यात लाज कसली. त्या पोरीला ओरडून बोलतं करायला निघाले होते मी.

मोठ्या आई बिछान्याच्या बाजूने पुढे आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. "हिल्टगार्ड, मी सिबिला," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून त्यांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

म्हातारीचा अंगठा हलला. लाकडावर, गालाच्या जागी, जिथे अश्रूची रेघ कोरलेली होती, तिथे तो वरून खाली फिरला. मग पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"अजून रडतेय गं ती," हिल्टगार्डताई पुटपुटल्या. "कोणीतरी बसा तिच्याजवळ."

"मी बसते," मोठ्या आई म्हणाल्या. आणि खरंच बसल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, त्या उठल्या नाहीत. थेक्लाला त्यांनी बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. आम्ही बाकीच्या खाली गेलो.

६

शुक्रवारी चित्रं तर हवी होती. ओटिलियाताईंनी ठसा होता तसाच छापायला घेतला. प्रत्येक कागदावर पदर आला, लेक आला, जखमा आल्या, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल.

"आता प्रत्येकीने आपापला काढा," त्या म्हणाल्या.

मलाही कुंचला दिला. मी जन्मात कधी कुंचला धरलेला नाही. माझ्या मातेचं नाक वाकडं आलं आणि एक डोळा दुसऱ्याच्या वर गेला. कोणाला देऊ नये असं ते चित्र. पण दारावर मीच होते आणि ढीग संपला होता, तेव्हा एका नावाड्याला तेच द्यावं लागलं. त्याने कागद हातभर लांब धरून बघितला.

"नाक वाकडं आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं. "उगाच चिकित्सा नको. नको असेल तर दे परत."

"नको कशाला? माझ्या आईचं असंच होतं." त्याने चित्र घडी न घालता टोपीखाली ठेवलं आणि गेला.

हिल्टगार्डताई त्याच दुपारी गेल्या, गर्दीचा आवाज खालून येत असताना. एका बाजूला थेक्ला, दुसऱ्या बाजूला मोठ्या आई. गेनोवेवाताईंनी त्यांना आंघोळ घातली, पण ती मूठ मोठ्या आईंनी उघडू दिली नाही. "ते आता तिचं आहे," त्या म्हणाल्या. "तसंच ठेवा तिच्याबरोबर."

संध्याकाळी काका ओस्वाल्ट गाडी घेऊन आला. निरोप आधीच गेलेला, आणि सगळ्या गोंधळात तो कोणी परत फिरवला नव्हता. मी दार उघडलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कारण खरं सांगायचं तर मोठ्या आईंनी थेक्लाविषयी तोवर एक अक्षर काढलेलं नव्हतं. ना जा म्हणाल्या, ना राहा म्हणाल्या. थेक्लाने स्वतःच आपलं गाठोडं बांधून दाराशी आणून ठेवलं होतं.

ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. काकाने गाडीतली गोधडी झटकून तिला बसायला जागा केली.

"चल, पोरी," तो म्हणाला. त्याच्याही आवाजात जीव नव्हता.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. मोठ्या आई येत होत्या, ठसा हातात घेऊन. त्या कधी दारापर्यंत येत नाहीत.

"ओस्वाल्ट," त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाचं काम बारीक होतं. पण रेघा जरा उथळच. नवा चेहरा बसवायचाय. या खेपेला खोल कोरलेला हवा, बोटांना नीट कळेल असा. तो छापून झाला की वर्षभर आजारखोलीत राहील. तुझ्याकडे नासपतीचं सुकलेलं लाकूड आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "कोरणार कोण?"

मोठ्या आईंनी ठसा थेक्लाच्या हातात दिला. पोरीला तो एकदम पेलला नाही. मग तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्याच्यावर कपाळ टेकून रडायला लागली, इतक्या दिवसांचं सगळं एकदमच.

ओस्वाल्टने गाडीतली गोधडी उचलली, दारातून आत माझ्या हातात दिली. "रात्री गार पडतं," एवढं बोलून त्याने घोडा वळवला.

मी गाठोडं पायाने आत सरकवलं आणि दार लावलं. थेक्ला आत होती.